मूल मळ्यात, नाव पाड्याच्या रजिस्टरात

प्रति,
नाशिक जिल्ह्यात महिला व बालविकास, आरोग्य, आदिवासी विकास आणि पुरवठा या विभागांचा कारभार पाहणारे अधिकारी,
तसेच द्राक्ष बागायतदार, वीटभट्टीमालक आणि मुकादम

स.न.वि.वि.

गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षबागांची फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. दसरा उलटला की सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतले पाडे रिकामे होऊ लागतील. पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं आणि सहा वर्षांच्या आतली मुलं भरून गाड्या दिंडोरी, निफाड, चांदवडकडे निघतील. गिरणारे आणि वणीच्या मजूर बाजारात पहाटेच गर्दी होईल. यात नवीन काही नाही. महिने तेच, रस्ते तेच, बहुतेक मुकादमही तेच. तरी दरवर्षी या मुलांच्या नावापुढे अंगणवाडीच्या रजिस्टरात एक शेरा पडतो, 'स्थलांतरित', आणि तिथून पुढे थेट होळीपर्यंत, कधी आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया), त्या मुलाचं वजन, औषध आणि लस कोणाच्याच कामाच्या यादीत राहत नाही.

आम्ही या जिल्ह्यात मुलांची वजनं घेणारे, त्यांना तपासणारे, त्यांच्या घरी जाणारे लोक आहोत. बैठकांमध्ये हे सांगून झालं आहे. इतिवृत्तात 'नोंद घेतली' असं येतं. आता तेच उघडपणे लिहीत आहोत, म्हणजे बागायतदारांनाही वाचता येईल आणि मतदारांनाही.

आधी आकड्यांचं बोलू, कारण सगळी समाधानं तिथूनच येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली, आणि एकूण मुलांपैकी १०.९ टक्के तीव्र गटातली. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या नोंदींच्या ॲपवरचे मासिक आकडे याहून बरेच खाली असतात. मोजणीची पद्धत वेगळी आहे, हे मान्य. पण मासिक टक्केवारी काढतात ती ज्यांचं वजन-उंची घेतली त्यांच्यातूनच. बागेत गेलेलं मूल भागाकाराच्या वरही नसतं आणि खालीही नसतं. डिसेंबरात एखाद्या बालविकास प्रकल्पाचा कुपोषणाचा आलेख खाली आला की अभिनंदनाचं पत्र काढण्याआधी ऑक्टोबरात किती मुलं मोजली होती आणि डिसेंबरात किती, एवढं विचारत जा.

त्यात मोजमापाचीही गफलत आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तीव्र कुपोषण ठरवायच्या खुणा तीन: दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे तीनच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज. तिघींपैकी एक सापडली तरी मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची असते. मूल रडतं, पाय आखडतं. कोणी गुडघे दाबून धरले नाहीत तर लांबी दोन-तीन सेंटिमीटर कमी भरते. लांबी कमी भरली की तेच वजन तक्त्यात चांगलं दिसतं, आणि सॅमचं 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित, कागदावरच होऊन जातं. सूज तर त्याहून फसवी. सुजलेलं मूल गुटगुटीत दिसतं आणि काट्यावर वजनही बरं भरतं. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का ते पाहावं लागतं. त्यासाठी मूल समोर पाहिजे. आईला फोन करून 'बाळ बरं आहे का' विचारून ही नोंद भरता येत नाही, आणि ती तशी भरली जाते हे तुम्हालाही माहीत आहे.

आता उपचार कुठे तुटतो ते पाहा. पाड्यावरच्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल झालेल्या मुलाला दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला देतात, कारण पोट लहान आणि गरज मोठी. वजनाच्या हिशेबाने ऊर्जायुक्त पाकीट, सुरुवातीला अमॉक्सिसिलीनचा कोर्स, आठवड्याला वजन. हे सलग काही आठवडे चाललं तर मूल वर येतं. दसऱ्याला दाखल केलेलं मूल उपचार अर्धा झाला असतानाच पिकअपमध्ये बसतं. सोबत गेली तर पाकिटं जातात. ती मुक्कामावर तिन्ही भावंडांत वाटली जातात, आणि त्यात आईचा काही दोष नाही. एकाला देऊन दोघांना बघत बसवणं कोणत्या आईला जमेल? पंधरा दिवसांत पाकिटं संपतात. पुढची मिळायची जागा घाटापलीकडे, त्यांच्या स्वतःच्या गावात.

मुक्कामाच्या गावातली सेविका वाईट नसते. तिची अडचण वेगळी आहे. तिच्या आहाराची मागणी तिच्या पटावरून आधीच गेलेली असते. पटावर नसलेली बारा मुलं नोव्हेंबरात येऊन उभी राहिली तर ती कोणाच्या वाट्याचं काढून देणार? शिवाय अंगणवाडी गावठाणात आणि मजुरांची टोळी मळ्यात, मध्ये दोन-तीन किलोमीटर बागा. आई सकाळी सातला बागेत जाते, दिवे लागणीला परतते. दहाच्या पुढे उघडून दुपारी बंद होणाऱ्या अंगणवाडीचा तिला काय उपयोग?

आणि सर्वांत घातक गोष्ट ही की मुक्कामावर कोणालाच या मुलाचा इतिहास ठाऊक नसतो. याची तीन उदाहरणं देतो. तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीच्या टप्प्यात लोहाचं औषध द्यायचं नसतं, ते मूल सावरून वजन धरू लागल्यावर सुरू करायचं असतं. नव्या गावातली आरोग्यसेविका मुलाचे पांढुरके डोळे बघते आणि चांगल्या हेतूने बाटली देते. जीवनसत्त्व अ चा डोस पाड्यावर देऊन झालेला असतो. कार्ड घरी कणगीवर राहिलेलं, म्हणून तो पुन्हा दिला जातो किंवा दोन्हीकडे राहून जातो. तिसरं उदाहरण जिवावरचं. अशा मुलाला जुलाब लागले की रोजाचा दिवस बुडू नये म्हणून आई जवळच्या खाजगी दवाखान्यात नेते आणि तिथे सलाईन लावलं जातं. या मुलाचं हृदय अशक्त असतं. शिरेतून भराभर गेलेलं पाणी त्याला पेलत नाही, धाप लागते आणि ते दगावू शकतं. अशा मुलाला पाणी तोंडाने, चमच्या-चमच्याने, लक्ष ठेवून द्यायचं असतं. शिरेतून देण्याची वेळ शॉक असेल तेव्हाच, आणि तीही रुग्णालयात. 'हे मूल सॅम आहे, सलाईन जपून' एवढं लिहिलेला एक कागद आईच्या पिशवीत असता तर डॉक्टरला थांबून विचार करावा लागला असता.

पोषण पुनर्वसन केंद्राचंही बोललं पाहिजे. गुंतागुंत असलेलं मूल तिथे साधारण चौदा दिवस राहावं अशी रचना आहे. पहिले काही दिवस एफ-७५ हे उपचाराचं दूध, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ताप, जुलाब आटोक्यात येऊन भूक परतली की जास्त ऊर्जेचं एफ-१००. घाईने जास्त दिलं तर शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडतो, म्हणून दोन टप्पे. उत्तम रचना आहे. पण पाचव्या-सहाव्या दिवशी आई मूल घेऊन निघून जाते आणि केसपेपरवर 'सल्ल्याविरुद्ध गेली' असं लिहिलं जातं. का गेली हे लिहायला रकाना नाही. तिच्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती जोडीने फेडायची असते. दुसरं मूल मळ्यात तिच्या सासूकडे किंवा आठ वर्षांच्या मुलीकडे आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई नंतर खात्यावर येणार असते, आणि खातं बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर किंवा आधारशी न जोडलेलं. घरी सोडल्यावर दर पंधरा दिवसांनी अशा चार पाठपुरावा भेटी ठरलेल्या असतात. त्या भेटींची तारीख पेठच्या पत्त्यावर टाकून मूल निफाडला पाठवण्यात काय अर्थ आहे, हे आम्हाला कोणीतरी समजावून सांगावं.

हक्कसुद्धा मूळ गावालाच बांधून ठेवले आहेत. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात चालते: गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं चौरस जेवण, आणि पुढे वाढ करून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. सुरगाण्याची आई आठव्या महिन्यात निफाडच्या बागेत आली की ती त्याच जिल्ह्यात असते, आदिवासीही असते आणि गरोदरही असते, फक्त आदिवासी क्षेत्राबाहेर असते. जेवण बंद. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा मात्र सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देतो. मूल जिथे झोपतं ती त्याची स्थानिक अंगणवाडी, असा आमचा साधा अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी असं म्हटलं होतं. (तीन महिन्यांत इथला निम्मा हंगाम उरकत येतो, ते वेगळं.)

रेशनचं थोडक्यात. कोणत्याही दुकानातून धान्य उचलता येतं, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी काही भाग उचलला तरी उरलेला मुक्कामावर मिळू शकतो. हे मजुरांना कोणी सांगत नाही आणि काही दुकानदारांना सोयीचं नसतं. एक तालुकानिहाय फलक आणि दोन तपासण्या, एवढ्यावर हा प्रश्न बराचसा सुटेल.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना वेगळी व्यवस्था लागते. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासण्या झाल्या, कार्डं वाटली गेली. पण या आजारावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असलेल्या मुलाला नियमित रक्ततपासणी आणि गोळ्यांचा अखंड पुरवठा लागतो. बागेत ऊन, कमी पाणी, पहाटेची थंडी. वेदनांचा झटका यायला हीच कारणं पुरेशी असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या गोळ्या तुटतात.

आता बागायतदारांशी दोन शब्द. राग नाही. बहुतेक जण मजुरांना वेळेवर पैसे देतात, अडीनडीला गाडीही काढून देतात. पण पुढच्या गोष्टी तुमच्या बांधावर घडतात.

छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते काडीच्या डोळ्यांवर लावतात. ते कातडी भाजणारं, विषारी रसायन आहे. हातमोजे नसलेली किंवा फाटके मोजे घातलेली बाई मधल्या सुट्टीत त्याच हातांनी, त्याच ओल्या पदराने बाळाला पाजायला घेते. तिला साबण, पुरेसं पाणी आणि बदलायला एक सदरा लागतो. याहून सोपा उपाय म्हणजे पाजणाऱ्या बाईला पेस्टिंगला लावूच नका, फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायला ठेवा. पुढे फवारण्या सुरू होतात. ब्लोअर एका ओळीत चालतो, तुषार चार ओळी पलीकडे जातात, आणि बाळाची झोळी मांडवाच्या लोखंडी अँगलला सावली बघून बांधलेली असते. मूल आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, जमिनीजवळ असतं आणि हात तोंडात घालतं, म्हणून तेवढ्याच फवाऱ्यातून त्याच्या पोटात जास्त जातं. लाळ गळणं, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, उलटी, सुस्ती दिसली तर मुलाचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरला उतारा नेमका देता येत नाही. रिकामे डबे पाण्याला वापरू देऊ नका. ते भोक पाडूनच टाका.

शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने निसरडा होतो. आत घसरलेलं मूल, कधी त्याला काढायला गेलेला मोठा माणूससुद्धा, वर चढू शकत नाही. चारी बाजूंनी कुंपण, कुलूप लावलेलं फाटक, आणि आत गाठी मारलेले दोर व फुगवलेल्या जुन्या ट्यूब. 

डिपिंग-थिनिंगची (घड द्रावणात बुडवणं, मणी विरळ करणं) कामं एकरावर उक्ती दिली जातात. उक्त्या कामात बाळाला पाजायला बसलेली पंधरा मिनिटं आईच्या स्वतःच्या खिशातून जातात, टोळीतल्या बाकीच्यांच्या नजरा वेगळ्याच. सहा महिन्यांखालच्या बाळाला कामाच्या तासांतच निदान चार-पाचदा पाजावं लागतं. ते होत नाही म्हणून पाण्यात बुडवलेलं बिस्किट सुरू होतं आणि तिथूनच जुलाब. टोळीचा दर ठरवतानाच पाजण्याचा वेळ धरा आणि मुलं सांभाळायला एका बाईचा रोज त्यात घाला. आठ-दहा मुलांमागे एक बाई पुरते.

वीटभट्टीवर धुराने न्यूमोनिया बळावतो. मुकादमांनी एक गोष्ट पाठ करावी: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रात्री उबेसाठी भट्टीला लागून मुलांना झोपवू नका.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते. २००६ पासून ही पद्धत आहे. परदेशातल्या दुकानातल्या पेटीवरून माल कोणत्या प्लॉटचा, त्याची तपासणी कुठे झाली, हे मागे काढता येतं. त्याच प्लॉटवर झोळीत झोपलेल्या मुलाचं मागच्या महिन्याचं वजन शेजारच्या तालुक्यातून काढता येत नाही. साधनं नाहीत असं नाही. पोषण ट्रॅकर आहे, राज्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणालीही केली आहे. पाड्यावरच्या सेविकेने 'गेले' अशी नोंद केली की तिचं काम संपतं. 'आले' अशी नोंद करण्याची सक्ती समोरच्या टोकाला कोणावरच नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे:

१. दसऱ्याआधी प्रत्येक पाड्यावर निघणाऱ्या कुटुंबांची यादी करा. कोणता मुकादम, कोणतं गाव, कोणाचा मळा. ही माहिती गावात सगळ्यांना असते, फक्त कागदावर नसते. यादी मुक्कामाच्या पर्यवेक्षिकेकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गाडी निघण्याआधी पोचली पाहिजे.

२. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासोबत प्लास्टिकच्या पाकिटात एक पानी कार्ड द्या: शेवटचं वजन, लांबी किंवा उंची, दंडाचा घेर, सूज आहे-नाही, उपचाराचा कितवा दिवस, कोणती औषधं दिली, लोह द्यायचं की थांबायचं, शेवटची लस, जीवनसत्त्व अ ची तारीख, सिकलसेलची नोंद. सॅम मुलाच्या कार्डावर सलाईनची सूचना लाल शाईत. मूळ माता-बाल संरक्षण कार्ड घरी राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

३. मुक्कामाच्या सेविकेने सात दिवसांत मूल पाहून 'आले' अशी नोंद करावी. तोवर मूल मूळ प्रकल्पाच्या आकड्यातून काढू नये. ज्याचा पत्ता लागला नाही त्याची संख्या मासिक अहवालात वेगळ्या रकान्यात छापावी.

४. दिंडोरी, निफाड, चांदवड आणि गिरणारे परिसरात ऑक्टोबर ते एप्रिल हंगामी अंगणवाड्या, मळ्याजवळ, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. टोळीतलीच किंवा त्यांची बोली येणारी बाई मदतनीस म्हणून नेमा. सध्याच्या सेविकेवर हे काम फुकट ढकलू नका. तिच्या माथ्यावर आधीच पुरेसं आहे.

५. हंगामी मुलांसाठी आहार आणि ऊर्जायुक्त पाकिटांची मागणी सप्टेंबरातच, मागच्या वर्षीच्या संख्येवरून करा. आधार नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नका. पाकिटं देताना घरातल्या बाकीच्या मुलांचाही कोरडा आहार द्या. नाहीतर वाटणी होणारच.

६. अमृत आहार गरोदर बाईच्या मागे जाऊ द्या, गावाच्या नाही.

७. पुनर्वसन केंद्रात बुडालेल्या मजुरीची रक्कम दर आठवड्याला आईच्या हातात द्या. दुसऱ्या लहान मुलाला सोबत राहू द्या, आजीला पालक म्हणून चालवा. चारही पाठपुरावा भेटी मुक्कामाजवळच्या केंद्रात ठेवा. आई मूल घेऊन मध्येच निघून गेली तर कारण लिहायचा रकाना केसपेपरवर छापा.

८. सिकलसेलच्या गोळ्या आणि रक्ततपासणी मुक्कामाच्या तालुक्यातल्या शासकीय रुग्णालयात मिळावी.

९. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात बाहेरून मजूर येत आहेत. त्यांचीही मुलं आहेत. कामाच्या प्रत्येक मोठ्या कंत्राटात पाळणाघर, पिण्याचं पाणी आणि लसीकरणाचा ठरलेला दिवस या अटी घाला, आणि बिल मंजूर करण्याआधी त्या तपासा.

यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या मागणीचा बराचसा भाग जिल्हा पातळीवरच्या परिपत्रकाने होऊ शकतो. मुंबईच्या मंजुरीची वाट पाहण्याचं कारण नाही. कार्डाचा नमुना आम्ही तयार करून देतो. छपाईचा खर्च किती, हे कोणत्याही छापखान्यात अर्ध्या तासात कळेल.

लेखी उत्तर छाटणी सुरू होण्याआधी द्यावं, आणि त्यात प्रत्येक मागणीपुढे 'होय', 'नाही' किंवा 'कोणत्या तारखेपर्यंत' एवढंच असावं. उत्तराची प्रत तालुक्याच्या पंचायत समितीत आणि गिरणारे व वणीच्या मजूर बाजारात लावावी.

आपले,
नाशिक जिल्ह्यात बालआरोग्य आणि पोषणाचं काम करणारे काही जण